सरूची फुंकर, ऋत्विकची सही

धावीरमहाराजांची आण घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटा निघाला तर माझ्या तोंडात उरलेत ते चार दात कुंडलिका नदीत पडोत. हसू नका. लोक म्हणतात, म्हातारी मीठ लावून सांगते. लावते मीठ, पण मासळी ताजी असते माझी. आणि ज्या सरूची ही गोष्ट, ती रोह्याला लागून आमचं अष्टमी गाव, तिथेच राहते, पुलाच्या ह्या अंगाला, दुकानांच्या मागल्या आळीत. जा आणि विचारा तिला.

तर सरू. एकतीस वर्षं ती रोज सकाळची गाडी धरून रोह्याहून पेणला जाते, दिनानाथशेठच्या गणपतीच्या कारखान्यात. काम एकच. डोळे. मूर्ती साच्यातनं काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, अंगाला गनने रंग मारणारा वेगळा, मुकुटाला सोनेरी लावणारा आणि वेगळा. सगळ्यांचं झालं की मूर्ती सरूच्या पुढ्यात येते. तोवर तो नुसता माल. कामगार त्याच्या मांडीवर डबा ठेवून जेवतात, सोंडेला शर्ट अडकवतात, कुणाला काय वाटत नाय. मग सरू आखणी करते. आखणी म्हणजे डोळे काढणं. ब्रश बुडवायचा, हात जोडायचे, दम छातीत धरायचा आणि वरची पापणी एका दमात ओढायची. मग खालची. मग बुबुळ. दम सुटला की रेघ सुटली.

आणि डोळे आले की माल देव झाला. घरी नेल्यावर भटजी मंत्र म्हणतील तेव्हा म्हणतील, पेणच्या कारखान्यात देव यायची वेळ हीच. मघाशी मांडीवर डबा ठेवणारा तोच माणूस आता चपला काढून पुढनं जातो. पाठ करत नाय, पाय लावत नाय. चुकून लागला तर कान धरतो.

सरूची जागा पूर्वेच्या खिडकीत. सकाळचा उजेड तिरपा येतो, हाताची सावली कामावर पडत नाय. बोर्डावर नाव दिनानाथचं, खोक्यावर नाव दिनानाथचं, पेपरात फोटो आला तर तोही दिनानाथचा. सरूचं म्हणून त्या कारखान्यात काय होतं, तर ती खिडकी.

आणि नेमकी तीच दिनानाथच्या पोराला पायजे झाली.

पोराचं नाव ऋत्विक. दिवाळीनंतर मुंबईला चार दिवसांचा कोर्स करायला गेला. जाताना बॅगेत दोन शर्ट होते, येताना बायकांचा केस सुकवायचा ड्रायर होता आणि डोक्यावर लोकरीची वाकडी टोपी. पेणच्या घामात लोकरीची टोपी! आल्या आल्या म्हणाला, "पप्पा, गणपतीत आता काय राहिलं नाय. फ्यूचर ॲबस्ट्रॅक्टचं हाय."

"ते काय असतं?" दिनानाथने विचारलं.

"ज्यात काय हाय ते कळत नाय."

"मग बनवतात कशाला?"

"पप्पा, हाच प्रश्न लोकांना पडला पायजे."

मग त्याने करून दाखवलं. कॅनव्हासवर पांढरा रंग ओतला, पातळ ताकासारखा. त्यावर प्लॅस्टिकच्या कपातनं निळा, काळा, सोनेरी अशी धार सोडली. मग ड्रायर चालू करून वरनं वारा सोडला. रंग वाऱ्याने पसरायचा, एकावर एक चढायचा, फुलाच्या पाकळीसारखा उलगडायचा. म्हणजे कोर्समध्ये तसा उलगडला असेल. इथे तो दिनानाथच्या पांढऱ्या शर्टावर उलगडला. दुसऱ्यांदा वारा जोरात लागला तर सगळे रंग मिसळून भांडी घासलेल्या पाण्यासारखे झाले. धोंडुबाई, ती मूर्ती घासायचं काम करते आणि जिभेलाही पॉलिश पेपर लावून असते, ती म्हणाली, "आमच्याकडं पोरं असं करून ठेवतात तेव्हा आम्ही पोतेरं घेतो. तुम्ही फ्रेम घेता व्हय?"

पण बापाला पोराचं कौतुक. त्यात कोलाडच्या आदेशशेठची ऑर्डर आली. आदेशशेठने हायवेपासून आत, नदीकाठी नवीन रिसॉर्ट बांधलं होतं. त्याला मोठ्या हॉलमध्ये, बारच्या बरोब्बर समोर, सहा फुटी चित्र पायजे होतं. अट एकच. "देवाबिवाचं नको. फूल नको, घोडे नकोत. गिऱ्हाइकाने पेला हातात घेऊन बघत राहिलं पायजे आणि काय ते कळलं नाय पायजे."

ऋत्विक म्हणाला, "काका, तुम्ही योग्य माणसाकडं आलात."

हे मात्र खरं होतं.

त्याच दिवशी त्याने बापाला गाठलं. "पप्पा, मला खिडकी लागणार. व्हिडिओला नॅचरल लाइट पायजे. आणि डोळ्यांचं म्हणाल तर स्टेन्सिल बनवू. पत्रा ठेवायचा, गन मारायची, एका मिनिटात दोन डोळे. हाताने कशाला?"

दिनानाथने सरूकडे बघितलं नाय. छताकडे बघून म्हणाला, "सरूताई, तुम्ही जरा मागं बसा, कॉम्प्रेसरच्या बाजूला. आत्ता तात्पुरतं. आदेशशेठकडं चित्र रिसॉर्टच्या उद्घाटनात पसंत पडलं, तर मग खिडकी ऋत्विकची. डोळे स्टेन्सिलने. तुम्हाला काय तरी दुसरं बघू. कप धुवायला बाई लागेलच त्याला."

सरू म्हणाली, "बरं."

तिचं 'बरं' मी ओळखते. नवरा दारू पिऊन आला होता तेव्हा एकदाच म्हणाली होती. परत प्यायला नाय तो.

चित्राचा दिवस ठरला. सहा फुटी कॅनव्हास चार बादल्यांवर आडवा, खिडकीखाली, सरूच्या जागेवर. मोबाइल तीन काठ्यांवर उभा. ऋत्विकने पांढरं ओतलं, वर निळं, काळं, सोनेरी सोडलं, टोपी सारखी केली, ड्रायर उचलला, बटण दाबलं, आणि लाइट गेली.

पेणला लाइट जाते यात नवल काय नाय. पण रंगाला ते ठाऊक नव्हतं. तो कडेने सुकायला लागला. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा शिल्लक होती, ऋत्विकने ती गनने सोडली, तर सोनेरी थेंब उडून धोंडुबाईच्या दोन्ही गालांवर बसले. "हळद लावलीस व्हय रे मला? नवरा कुठाय?" असं ती म्हणते न् म्हणते तोवर ऋत्विकने शहाळ्याची नळी तोंडात धरली आणि फुंकायला लागला. पोराचा दम तो केवढा! सात फुंकरांत डोळे पांढरे झाले आणि तो प्लॅस्टरच्या गोणीवर बसला.

"पप्पा... रंग... मरतोय..."

"अरे, तूच मरशील!"

तेव्हा धोंडुबाई मागल्या पडवीत गेली. तिथे कारखान्याचा चहा अजून चुलीवर होतो. तिने लोखंडी फुंकणी आणली आणि सरूच्या हातात दिली. "घे गो. चूल समज."

सरूने ऋत्विककडे बघितलं. त्याने हाताने खुणावलं, फुंका. बोलायला दम नव्हता.

आता ऐका. चुलीला जोरात फुंकलं तर राख डोळ्यात जाते. लांब, खालनं, धार धरून फुंकलं तर निखारा जागा होतो. हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला ठाऊक हाय, त्याला चार दिवसांचा कोर्स लागत नाय. सरू वाकली. फुंकणीचं तोंड रंगाच्या अगदी जवळ नेलं. आणि एकतीस वर्षं डोळे आखताना जो दम तिने छातीत धरून ठेवला होता, तो सोडला.

पहिल्या फुंकरीला पांढरं निळ्यावर चढलं. दुसरीला निळं त्यातनं परत वर आलं, जाळीदार, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. तिसरीला काळी पट्टी मधोमध वळत खाली गेली. चौथीला तीन सिझनची प्लॅस्टरची धूळ माळ्यावरनं उठली, साच्यांवरची फडकी उडाली, दाराशी ठेवलेला नंदी अर्धा वळला आणि ऋत्विकच्या डोक्यावरची टोपी खिडकीतनं जी गेली, ती रुळांच्या बाजूने गेली. रोह्याकडे जाणारी मालगाडी चालली होती, तिच्या टपावर बसली. संध्याकाळी रोह्याच्या हमालाने काढली. तो अजून थंडीत घालतो. नाय पटत? जा आणि बघा त्याचं डोकं.

चित्र मात्र झालं! निळ्याच्या दोन मोठ्या पाती दोन अंगांना पसरलेल्या, मधे ती काळी वळणाची पट्टी, वरती दोन पांढऱ्या मोकळ्या जागा. धोंडुबाई गालावरचं सोनेरी पुसायचंसुद्धा विसरली, यावरनं समजा.

लाइट आली. ऋत्विकला तरतरी आली. त्याने व्हिडिओ कापला, जोडला, सरूला वगळलं. आपण ड्रायर धरलाय, आपण डोळे मिटलेत, आपण मान हलवतोय. खाली लिहिलं, 'माझा श्वास, माझा प्रवास.' फुंकणीचं टोक एका कोपऱ्यात दिसत होतं, त्यावर फुलाचं चित्र चिकटवलं. आणि कॅनव्हासच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर लांब सही ठोकली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नागोबाला निदान फणा असतो.

"सरूमावशी," जाताना म्हणाला, "आता याला हात लावू नका हां. फिनिश्ड हाय."

आठ दिवस चित्र तिथेच सुकत पडलं. सरू मागे, कॉम्प्रेसरच्या बाजूला, धडधड ऐकत मुंबईच्या मूर्तींचे डोळे आखत होती. अंधारात. दोन रेघा हलल्या तिच्या त्या आठवड्यात, आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन मला म्हणाली, "जागा गेली ना, की माझा हात जाणार. मग मी कोण गो?" मी तिला आंबील दिली.

नवव्या दिवशी, बुधवार असावा, सरू नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी पोचली. डोळ्यांवर झोप. कुणीतरी चित्र वाळलं म्हणून उभं करून खिडकीला टेकवलं होतं. पूर्वेचा उजेड त्यावर तिरपा पडलेला. सरूचे पाय एकतीस वर्षांच्या सवयीने खिडकीकडे गेले. पुढ्यात काय हाय? रंगवलेलं काय तरी. सगळं झालेलं. वर दोन पांढऱ्या जागा मोकळ्या.

तिने ब्रश बुडवला. हात जोडले. दम धरला.

वरची पापणी. खालची. बुबुळ. दुसरा डोळा. वरची, खालची, बुबुळ.

मग भान आलं. मागे सरकली आणि बघते तर काय, ते तिच्याकडे बघतंय! निळ्या पाती कान झाल्या. काळी पट्टी सोंड झाली. आधी काय नव्हतं हो, खरंच काय नव्हतं. डोळे आले आणि देव येऊन बसला.

सरू म्हणते, हात चुकला. मला काय वाटतं ते विचारू नका.

पण सांगायला ती गेली, हे धोंडुबाईने बघितलंय. ऋत्विक फोनवर होता. "ऋत्विक, एक सांगायचं होतं, चित्राचं."

"मावशी, नंतर."

थोड्या वेळाने परत. "अरे बाळा, त्या चित्राला जरा बघ एकदा."

"मावशी, मी त्याच्याकडं बघून बघून थकलोय. क्रिएटिव्ह माणसाला गॅप लागते."

तिसऱ्यांदा गेली तेव्हा पॅकिंगवाल्यांनी चित्राच्या तोंडावर पेपर चिकटवलासुद्धा होता. आमच्याकडे डोळे आखलेल्या मूर्तीचं तोंड झाकूनच पाठवतात. पॅकिंगवाल्यांनी डोळे बघितले, झाकले, पाया पडले, टेंपोत चढवलं. कारखान्यातनं डोळेवालं काय तरी बाहेर चाललंय, यात त्यांना वेगळं काय वाटणार?

टेंपो आला रोह्याला, सॉलोमनच्या दुकानात. सॉलोमनभाऊ काच आणि फ्रेमवाला. रोह्यात यहुद्यांची आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत, बाकी सगळी गेली इस्रायलला. सॉलोमन म्हणतो, मी गेलो तर तुमचे लग्नाचे फोटो सरळ कोण टांगणार? त्याने पेपर काढला आणि दोन पावलं मागे सरला. लगेच ऋत्विकला फोन.

"अरे, देवाचं नाय असं म्हणालास ना? याला डोळे हायत."

पलीकडनं ऋत्विक हसला. "काका, तेच तर ॲबस्ट्रॅक्ट! प्रत्येकाला वेगळं दिसतं. तुम्हाला डोळे दिसले, दुसऱ्याला समुद्र दिसेल."

"समुद्राला पापण्या नसतात रे."

"काका, तुमची नजर तयार होतेय. गुड."

सॉलोमन म्हणाला, "बरं." शुक्रवारी दुपारपर्यंत फ्रेम ठोकली. शनवार यहुद्यांचा पाळायचा वार, त्याचं दुकान बंद, त्या दिवशी तो खिळ्याला हात लावत नाय. शनवारभर चित्र दुकानात एकटं होतं आणि समोरचा चहावाला सांगतो, त्या दिवशी शटरवर माणसांची सावलीसुद्धा नमस्कार केल्यासारखी पडली. रविवारी सकाळी सॉलोमनने स्वतः नेऊन कोलाडला टांगलं, वर पडदा सोडला.

उद्घाटनाला दिनानाथने अख्खा कारखाना टेंपोत भरून नेला. टाळ्या वाजवायला माणसं लागतात. सरू आणि धोंडुबाई शेवटच्या रांगेत. पुढे जवळच्या कंपनीतले साहेब, आदेशशेठचे मित्र, सगळ्यांच्या हातात पेले. बार भरदुपारी चालू. आदेशची आई बायजाबाई सोफ्यावर. ऐंशीची बाई, शेतातनं थेट आल्यासारखी नऊवारी, आणि पोराचा बार बघून तोंड कारल्यासारखं.

ऋत्विक बोलायला उभा राहिला. नवीन टोपी होती. "या चित्रात देव नाय, माणूस नाय, आकार नाय. हा फक्त माझा श्वास हाय. याच्याकडं बघा आणि विचारा, हे काय हाय?"

पडदा ओढला.

कुणी काय विचारलं नाय. सगळ्यांना कळलं काय हाय ते.

बायजाबाई पहिली उठली. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. मग मॅनेजरने बूट काढले. मग वेटर. कंपनीच्या मोठ्या साहेबाने पेला पाठीमागे लपवला, आणि पाठीमागे भिंतीवर आरसा होता, त्यातनंही डोळे बघत होते. साहेब डावीकडे सरकला, डोळे डावीकडे. उजवीकडे गेला, उजवीकडे. शेवटी त्याने पेला कुंडीत ओतला. ती कुंडी पुढे महिनाभर डुलत होती, ते सोडा. आतनं चिकन लॉलीपॉपचा ट्रे घेऊन पोऱ्या आला, समोर बघितलं, तसाच उलट्या पावलांनी परत गेला. स्वयंपाक्याने नारळ आणला. कुणीतरी आरती सुरू केली आणि टाळ नव्हते म्हणून बर्फाचे चिमटे वाजवले.

सहा फुटी देव आणि त्याच्या बरोब्बर नजरेसमोर बाटल्यांची मांडणी. एक गिऱ्हाईक ग्लासला शिवेल तर शपथ.

आदेशशेठचा चेहरा चित्रातल्या निळ्यापेक्षा निळा. "ऋत्विक! मी सांगितलं होतं ना, देव नको? बार बंद पडला माझा! पूस ते डोळे. आत्ताच्या आत्ता."

ऋत्विकने शेवटच्या रांगेकडे बघितलं. सरू पंखा बघत होती.

फडकं आणलं, थिनर आणलं. ऋत्विक स्टुलावर चढला. फडकं डोळ्याजवळ नेलं आणि हात तिथेच थांबला. चार दिवस मुंबईत काढले म्हणून काय झालं, जन्म पेणचा. ज्या पोराने आखलेल्या मूर्तीला पाय लागला म्हणून बापाचा मार खाल्लाय, तो डोळे पुसणार? खाली उतरला. "पप्पा, तुम्ही."

दिनानाथ म्हणाला, "मला शुगर हाय."

मॅनेजरने वेटरकडे बघितलं, वेटर पाणी आणायला गेला तो कोलाड नाक्यावरच दिसला. मग आदेशला सॉलोमन दिसला. "सॉलोमनभाऊ, तुम्ही पुसा! तुमच्यात तर मूर्ती चालत नाय."

सॉलोमनने फडकं हातात घेतलं, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवलं. "आमच्यात मूर्ती नाय, हे खरं. पण दुसऱ्याच्या देवाचे डोळे पुसायचे, हेही आमच्यात नाय. फ्रेम वाकडी असेल तर सांगा, ती सरळ करतो."

"कुणी हात लावायचा नाय!" बायजाबाईचा आवाज हॉलभर गेला. "आदेश, देव आपल्या पायाने आलाय. तो राहील. बाटल्या ज्या पायाने आल्यात त्या पायाने मागं जातील."

"आई, अगो गिऱ्हाईक—"

"गिऱ्हाईक मागं जाऊन पिईल. लाज असलेला माणूस मागंच पितो." मग तिने चित्राकडे बोट केलं. "कुणी आखलेत हे डोळे? माझ्या सासऱ्यांच्या वेळेला असे गणपती यायचे घरी. आता येतात ते मेले सगळे झोपेतनं उठल्यासारखे. कुणाचा हात हाय हा?"

हॉलमधली हवा फिरली. मघाशी शिव्या होत्या, आता कौतुक आलं. आणि कौतुक आलं म्हटल्यावर ऋत्विकने टोपी सारखी केली.

"माझाच," तो म्हणाला. "म्हणजे, ते आतनं आलं."

दिनानाथने पहिल्या झटक्यातच डोळे ओळखले होते. एकतीस वर्षं तेच डोळे विकून त्याने दोन मजले चढवलेत. पण तो छताकडे बघत राहिला. पोराचं खोटं आणि बाईचं खरं, यात बाप कुठे बसला ते सगळ्यांनी बघितलं.

बायजाबाईने निमंत्रणाचं कार्ड पुढे केलं. "आतनं आलं ना? मग ह्या कार्डाच्या मागच्या बाजूला ते डोळे परत आण बघू. पेन घे. आमच्या घरचा, ह्या हॉटेलातला आणि भावकीतला, सगळे गणपती तुझ्याकडनं घेते."

ऋत्विकने पेन घेतलं. काढलं. बायजाबाईने कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.

"हे काय दोन बोंबील हायत?"

हॉल हसला. साहेब हसले, वेटर हसले. आणि धोंडुबाईला राहवलं नाय. शेवटच्या रांगेतनं ओरडली, "शेठ, बोला की आता! तोंडात शाडू भरलीय काय? ही बाई इथं बसलीय ती काय टाळ्या वाजवायला?"

सगळ्या माना मागे फिरल्या. सरूचा उजवा हात धोंडुबाईने धरून वर केला होता, शाळेतल्यासारखा. सरू उठली. पुढे आली. दुसरं कार्ड घेतलं, सोफ्याच्या हातावर ठेवलं. हात जोडले. दम धरला. हॉलमध्ये बर्फ वितळल्याचा आवाज येत होता.

सहा रेघा. तिने कार्ड बायजाबाईला दिलं.

बायजाबाईने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग पंचाईत झाली. आता हे ठेवायचं कुठे? टेबलावर दारू सांडलेली. तिने साहेबाला दिलं, साहेबाने मॅनेजरला. खिशात घालायची कुणाची छाती होईना, पाठीच्या खिशात तर नायच नाय. कार्ड हॉलभर फिरलं, जो घेईल तो चपला काढून घेई. शेवटी सॉलोमन म्हणाला, "आणा, फ्रेम करून देतो," आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"ह्या बाईचा हात असेल तर गणपती तुमचे," बायजाबाई दिनानाथला म्हणाली. "तो पत्रा-बित्रा ठेवून गन मारणार असाल, तर पेणला कारखान्यांना तोटा नाय."

दिनानाथला पश्चात्ताप झाला असं समजू नका. दिनानाथला गिऱ्हाईक दिसलं. "छे छे, पत्रा कसला!" तो म्हणाला. "सरूताई म्हणजे आमच्या कारखान्याचे डोळे. त्यांची खिडकी त्यांचीच."

"आणि ही सही?" बायजाबाईने खालचा कोपरा दाखवला. "ही पुसायला चालेल. हिला डोळे नायत."

सरू त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "राहू दे आजी. देवळाच्या पायरीवर नावं असतात की. लोक पाय देऊन जातात."

सोमवारी सकाळी सरू खिडकीत बसली. उजेड तिरपा आला. ऋत्विकने आपलं टेबल स्वतः उचलून मागे कॉम्प्रेसरजवळ नेलं, कप नेले, ड्रायर नेला. मग परत आला, टोपी काढली, तिच्या पुढ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, चुकलं माझं."

आता आण घेऊन बसलेय म्हणून सांगून टाकते. तेवढं एक मी पदरचं घातलं. तो तसं काय म्हणाला नाय. टेबल हमालांनी उचललं, दिनानाथने उचलवलं. ऋत्विक मागल्या कोपऱ्यातनं एवढंच ओरडला, "मावशी, पुढच्या टायमाला डोळे जरा मोठे काढा, व्हिडिओत लांबनं दिसत नायत." बाकी सगळं झालं तसं सांगितलं.

पण परवा हीच गोष्ट मी आळीत सांगत होते, आणि सरू माझ्याच बाजूला बसून वालाच्या शेंगा सोलत होती. इथपर्यंत आले आणि तिचा हात थांबला. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते 'चुकलं माझं' माझ्या तोंडातनं निघून गेलं. तिला ठाऊक हाय तो म्हणाला नाय ते. पण ती परत शेंगा सोलायला लागली. म्हणून मी ते गोष्टीत राहू दिलं.